स्नायुक्षय : दाह आणि जनुकोपचार



चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. रक्तात एसजीपीटी वाढलेले निघाले की काविळीची पथ्ये सुरू होतात. वस्तुतः ते द्रव्य यकृतातून नव्हे, झिजणाऱ्या स्नायूंतून आलेले असते. त्याच वेळी सीपीके तपासले तर मूळ रोग उघड होतो. फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार प्रायः मुलग्यांनाच होतो. दोष बहुधा आईकडून येतो हे खरे. तथापि सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवतो. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

१९८७ साली ह्या रोगात उणे पडणारे प्रथिन सापडले. त्याचे नाव डिस्ट्रोफिन. स्नायुतंतूचा आतील सांगाडा ते बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवते. बऱ्हाणपूरच्या यंत्रमागवाल्यांना हे निराळे सांगायला नको : ताण्याचे सूत कच्चे असले की ठोक्यागणिक तुटते. आवरण फाटले की कॅल्शियम आत शिरते, तंतू मरतो आणि मेलेले उचलण्यास भक्षकपेशी धावून येतात. जखम एकदाच झाली तर हा दाह उपकारकच. त्यातूनच नवा तंतू उभा राहतो. येथे जखम रोजची, म्हणून दाहही रोजचा. अखेरीस स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट चट्टे उरतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे जनुकाला हातही लावीत नाहीत, तरी चालणे काही वर्षे लांबवितात, ते दाह आवरल्यामुळे. त्यांनी वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात. पण आपल्या मनाने ती एकाएकी बंद करणे अधिक धोक्याचे.

मग जनुकच नवे का देऊ नये? अडचण आकाराची आहे. डिस्ट्रोफिनचे जनुक मानवी जनुकांत सर्वांत मोठ्यांपैकी, आणि ते वाहून नेणारा एएव्ही हा विषाणू अगदी लहान. म्हणून काटछाट केलेले जनुक घडविण्यात आले. अमेरिकेत जून २०२३ मध्ये असे पहिले औषध मंजूर झाले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र ते मुख्य कसोटीस उतरले नाही. शिवाय शरीराच्या पहारेकऱ्यांना विषाणूचे कवच परके, आणि प्रथिनाचा जो भाग त्या मुलात कधी तयारच झाला नाही, तोही परकाच. जनुकाचा आठवा किंवा नववा खंड गळालेल्या मुलांना म्हणूनच हे औषध वर्ज्य आहे; त्यांत स्नायूंचा तीव्र दाह उसळू शकतो. २०२५ मध्ये, चालणे थांबलेल्या दोन मुलांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. एकदा मात्रा घेतली की प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसरी देता येत नाही. म्हणजे नव्या उपचारासोबतही जुने स्टेरॉइड लागतेच.

किंमत सुमारे ३२ लक्ष डॉलर. आपल्या दुर्मीळ रोग धोरणाखाली २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लक्ष रुपये ठरली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्या योजनेतील एक केंद्र. एवढ्या लांबच्या आशेपायी घर विकायला निघालेल्या बापाने आधी मुलाची जनुकचाचणी करून घ्यावी, कारण कोणता खंड गळाला आहे ह्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे. ह्या कामात मुंबई मागे नाही. डॉ. सतीश खाडिलकर, डॉ. माधुरी हेगडे आदींच्या २०१३ मधील संशोधनात, कंबर व खांद्यांच्या निराळ्या स्नायुक्षयामागे अग्रवाल समाजात कॅल्पेन-३ ह्या जनुकातील पूर्वजांपासून चालत आलेले बदल आढळले आहेत.