जुनी मोटारसायकल घेताना

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. जास्त पळालेली गाडीही तशीच पारखावी. मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. फूटरेस्टचं रबर किती झिजलंय ते बघा. इंजिन थंड असताना स्वतः किक मारा. फोर-स्ट्रोक गाडी निळा धूर सोडत राहिली, तर ऑइल जळतंय. इंजिनचं काम निघणार. चेनच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर चेनसेट बदलावा लागेल. इंजिन व चॅसी नंबर आर.सी.शी ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरलाय ना, तेही बघा. फॉर्म २९ व ३० वर मालकाची सही झाल्याशिवाय पुरते पैसे देऊ नका. गाडी व विमा लगेच आपल्या नावे करा. नाहीतर अपघातानंतर भरपाईसाठी हेलपाटे पडतात. पीक विकून आलेला पैसा आहे, घाई नको.