मुका मार
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेवर माझा विषय 'स्त्रियांचे आरोग्य' असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी ताकद नाही. मी एकाच हाडाविषयी बोलणार आहे. बरगडीविषयी.

आरमोरीकडची एक बाई आमच्याकडे आली तेव्हा मोहफुलांचे दिवस होते. डावा हात कुशीला दाबून धरलेला, एक वाक्य दोनदा थांबून बोलत होती. 'मोळी घेऊन पडली,' सोबतची सासू म्हणाली. छाती लुगड्याच्या पट्टीने करकचून आवळली होती. आदल्या आठवड्यात तिला एका दवाखान्यात नेले होते. तिथल्या चिठ्ठीवर दोनच शब्द : मुका मार. आणि दोन दिवसांच्या गोळ्या. सासू पाणी आणायला उठली, तेव्हा तिने सांगितले, नवऱ्याने लाथ घातली. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. लाथा दोन्हीकडे बसतात.)

तिला ताप होता. आधी आम्ही ती पट्टी सोडली. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही, कारण प्रत्येक श्वासाबरोबर ती हलते. पूर्वी डॉक्टरही छाती बांधत. आता ते चुकीचे मानतात. बांधलेली छाती फुगत नाही, कफ तळाशी साचतो आणि न्यूमोनिया धरतो. तिचे तेच झाले होते. हाड बहुधा सहाएक आठवड्यांत आपले आपण जुळते. माणूस दगावते ते फुप्फुसापायी. अमेरिकेत सिअॅटलला २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पासष्टीपुढच्या रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून म्हातारी पडली तर 'वयच झालं' म्हणून तिला खाटेवर टाकून ठेवू नका.

उपचार साधा आहे, पण तो कोणी समजावून सांगत नाही. दुखण्याची गोळी डॉक्टर सांगतील त्या ठरल्या वेळी घ्यायची. बाया सोसतात आणि 'गोळीची सवय लागेल' म्हणतात. दुखणे दबले नाही तर श्वास उथळ राहतो, आणि खरे नुकसान तिथेच होते. जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास घ्यायचे. चादरीची घडी छातीशी धरून मुद्दाम खोकायचे. उशीला टेकून बसायचे, थोडे चालायचे. डोक्यावर ओझे मात्र नको. आता सांगा, सहा आठवडे पाणी कोण भरणार? तेंदूपत्त्याचा हंगाम इनमीन दोन आठवड्यांचा, तो गेला तर ती मजुरी कोण देणार? बाई बरी होते की नाही हे या प्रश्नांवर जितके ठरते, तितके गोळीवर नाही. पुष्कळांना दोन-तीन महिने दुखते, तेही घरात कोणाला पटत नाही.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. इथे हिवताप फार. हिवतापाने पाणथरी वाढते, आणि ती डाव्या खालच्या बरगड्यांच्या आतच असते. तिथे मार बसून पोट दुखू लागले, डावा खांदा दुखला, चक्कर आली, तर आत रक्तस्राव होत असेल. रात्र काढू नका. श्वासाला धाप लागणे, ओठ निळे पडणे, थुंकीत रक्त येणे, श्वास घेताना छातीचा एक भाग आत ओढला जाणे, यातले काहीही दिसले तरी तेच. भामरागडकडे पुरात रस्ता किती वेळा तुटला ते तिथल्या बायांना विचारा, म्हणजे मी घाई का करते ते कळेल. सिकलसेल असलेल्या बाईच्या छातीत दुखले, तर मार असो वा नसो, तिला दवाखान्यातच न्यायचे.

आता कागदाविषयी. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यातले एक कारण. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. पण 'खूण नाही म्हणजे मार नाही' ही समजूत दवाखान्याच्या चिठ्ठीत अजून बसलेली आहे. हाड मोडणे कायद्याने 'गंभीर दुखापत' ठरते. भारतीय दंड संहितेत तसेच होते, २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. 'मुका मार' एवढेच लिहिले की ती साधी दुखापत होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, आधी तक्रार केलेली नसली तरीही. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट मिळाली पाहिजे. ती मागून घ्या. कोणी मारले, कशाने, कुठे, हे तिच्या शब्दांत लिहायला सांगा. आणि ती बोलेल तेव्हा सासू खोलीबाहेर हवी.

एक्स-रेवर भरवसा ठेवून बसू नका. बरगडीची ताजी चीर पुष्कळदा त्यात दिसतच नाही. आमच्या बाईच्या पहिल्या फिल्ममध्ये न्यूमोनियाचा डाग तेवढा आला, हाड धड दिसले. ताप उतरला, ती घरी गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायला लावली, तेव्हा दोन बरगड्यांवर नवे हाड धरलेले दिसले. डॉक्टरांनी तारखेनिशी तसे लिहून दिले. तक्रार करायची की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही. कागद तिच्या आईच्या पेटीत आहे.