रिकाम्या जागेचा खर्च



या परिषदेसाठी आयोजकांनी मुळशी निवडली. इथे धरणावर बोलायचे तर शब्द तोलूनच वापरावे लागतात. 1921 च्या एप्रिलमध्ये याच मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाचे काम अडवले आणि त्या सत्याग्रहातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. टाटांचे धरण तरीही उभे राहिले. 1927 साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

पावसाळ्यात मुळशीतून विसर्ग वाढला की पुण्यात विचारले जाते, एवढे मोठे धरण असून पूर येतोच कसा? धरण पुरासाठीच बांधले, हे त्यात गृहीत धरलेले असते. पण मुळा नदी वाहते पूर्वेला. तिचे पाणी अडवून, डोंगर ओलांडून पश्चिमेला सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला नेऊन वीज करायची, हा मुळशीचा हेतू. (कोलाडला राफ्टिंग करणारे ज्या पाण्यावर हेलकावे खातात, ते बव्हंशी हेच. बिचाऱ्या मुळेला त्याचे श्रेय कोणी देत नाही.) यंत्रांना पेलेल तेवढेच पाणी भिऱ्याकडे वळते, उरलेले दरवाज्यांतून मुळेतच येते आणि बालेवाडी, औंधवरून संगमावर पोचते.

विजेला तुडुंब जलाशय हवा, पुराला रिकामा. एकाच भिंतीकडून दोन्ही मागताना आपण मालकावर ओरडतो, पण हिशेब मांडत नाही. 2024 च्या जुलैअखेर ताम्हिणीत चोवीस तासांत 550 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अशा दिवशी जलाशयात आधीच जागा नसेल, तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. त्याच सुमारास सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले ते मुठेचे, खडकवासल्याच्या विसर्गाचे. नदी वेगळी, पेच तोच.

भिंतीची सुरक्षितता हा निराळा विषय. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटले, कारण काम अपुरे असताना पाणी साठवले गेले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही. कोयनेला 1967 च्या भूकंपात तडे गेले, पण धरण उभे राहिले. मुळशीची भिंत शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने तपासणी आणि आपत्कालीन आराखडा मालकावर बंधनकारक केला, हे उत्तम झाले. मात्र भिंत शाबूत राहूनही खालची वस्ती बुडू शकते आणि ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही. निळ्या पूररेषेच्या आत इमारतींना परवानगी देणारी सही धरणावर होत नाही, शहरात होते.

जलाशय परिचालन सूचीत जुलै-ऑगस्टची पातळी खाली ठेवा, असे आपण अभियंते सहज म्हणतो. पातळी खाली ठेवून पाऊस रुसला, तर बुडालेल्या विजेचे पैसे कोण देणार? पुणे महापालिका, राज्य सरकार की वीजग्राहक? दुपारच्या सत्रातल्या ठरावाच्या मसुद्यात पातळीचा आग्रह आहे, भरपाईचे कलम नाही. ते घातल्याशिवाय ठराव मताला टाकू नये, अशी माझी अध्यक्ष म्हणून सूचना आहे. मसुदा समितीने जेवणाच्या सुट्टीत बसावे.