बेकर यांचा धडा आणि मराठवाड्याचे घर

(देगलूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



घराचा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा बहुधा अनुदानाच्या रकमेपासून सुरू होते आणि हप्ता वेळेवर मिळाला की नाही, या तक्रारीपाशी संपते. ती तक्रार रास्तच असते. परंतु घर कोणत्या मालाचे असावे, ते कोणी बांधावे, त्यावर खर्च होणारा पैसा कोणाच्या हाती जावा आणि वैशाखाच्या दुपारी त्या घरात माणसाला बसवेल काय, हे प्रश्न कंत्राटदार व अभियंता यांच्यावर सोपवून सारे मोकळे होतात. वस्तुतः याच प्रश्नांत घरकुलाचे सारे राजकारण आहे. हे ज्यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवून दिले ते वास्तुशिल्पज्ञ म्हणजे लॉरी बेकर.

१९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले बेकर क्वेकर पंथाचे होते. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या मालातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी शब्दशः मनावर घेतला. १९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे वास्तुशिल्पज्ञ म्हणून भारतात आले. पुढे केरळातील डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह करून ते पिथोरागडच्या डोंगरात राहिले. तेथील अशिक्षित गवंड्यांनी दगड, माती व लाकूड यांतून साधलेले शहाणपण पाहून पदवीचा अभिमान गळून पडला, असे ते मोकळेपणाने सांगत. १९६३ नंतर केरळ ही त्यांची कर्मभूमी झाली. २००७ साली तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

बेकर यांची काटकसर म्हणजे गरिबाला कमी प्रतीचे घर देणे नव्हे. जे अनावश्यक आहे ते गाळायचे, एवढाच तिचा अर्थ. विटा पालथ्या न घालता काठावर उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवली, तर सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि ती पोकळी उन्हाची धगही अडवते. छताच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूचे काँक्रीट भार पेलण्याचे काम फारसे करीत नाही. तेथे जुनी मंगलोरी कौले बसवली की सिमेंट वाचते. खिडकीच्या महागड्या चौकटीऐवजी विटांची जाळी केली की उजेड व वारा दोन्ही मिळतात. पूंतुरा येथील कोळ्यांच्या वस्तीत त्यांनी घरे सरळ रांगेत न मांडता मागेपुढे सरकवून बसवली, जेणेकरून समुद्रावरचा वारा प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोहोचावा.

याहून महत्त्वाची बाब अर्थकारणाची आहे. सिमेंट व पोलाद यांवर होणारा खर्च गावाबाहेर कारखानदाराकडे जातो. गवंडी, सुतार व बिगारी यांच्या मजुरीवर होणारा खर्च गावातच फिरतो. मालावरचा पैसा वाचवून तो श्रमाला द्यावा, हे बेकर यांचे सूत्र होते. केरळचे माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन व अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्यासारख्यांना त्याचे मोल कळले. त्यातूनच १९८५ मध्ये ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी राहिली.

आता मराठवाड्याकडे वळू या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे बहुतांशी स्वतःच्या घराखालीच गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, वर माळवदाचे ओझे होते. दगडमातीचे घर म्हणजे मरण, अशी भीती त्या दिवसापासून मनामनांत बसली. ती स्वाभाविक होती. पण अपराध दगडाचा नव्हता. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांना बांधून धरणारे लांब दगड घातलेले नव्हते, कोपरे सांधलेले नव्हते, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माळवदावर मातीचे थर चढत गेले होते. जेथे लाकडी खांब व तुळयांनी छत स्वतंत्रपणे पेलले होते, तेथे कित्येकदा भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतील घराचा आकारही जमिनीच्या मालकीवर ठरला: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. म्हणजे भूकंपाने जी विषमता एका रात्रीत सपाट केली, ती सरकारी आराखड्याने पुन्हा रेखून दिली. शहरी वसाहतीसारख्या सरळ रांगांत गोठा, बळद, ओसरी यांना जागा कोठून असणार? याउलट जी गावे हलवली नाहीत, तेथे दुरुस्तीचे काम घरमालकांच्याच हाती राहिले. गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून ते तंत्र घरोघर समजावले. भूकंपातून मिळालेला हा धडा बेकर यांच्या विचाराशी जुळणारा आहे.

तथापि बेकर यांची नक्कल देगलूरला उपयोगी पडणार नाही. केरळच्या लाल मातीची वीट येथील काळ्या मातीतून निघत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया खोल नेला नाही, तर सिमेंटची भिंतही तडकते. येथील पाच मैलांत काळा दगड आहे, मुरूम आहे, पांढरी आहे. त्यांना सांधणारे पट्टे व हलके छत यांची जोड हवी. उचलायची ती पद्धत, आकार नव्हे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. मातीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या दलित भूमिहीनाला स्लॅबचे घर हवे असते. तो त्याचा आत्मसन्मान आहे. स्वतः पक्क्या बंगल्यात राहून त्याला मातीचा महिमा सांगणे हा ढोंगीपणा ठरेल. बेकर यांनी श्रीमंतांची घरे, संशोधन संस्थांच्या इमारती व कोळ्यांच्या वस्त्या यांसाठी एकच विचार वापरला, म्हणून त्यांना तो अधिकार होता. तालुक्याची कचेरी, शाळा व दवाखाना आधी याच पद्धतीने बांधले जावेत. मग गरिबाच्या घराविषयी बोलावे.

२०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले. त्या योजनेतही घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, कंत्राटदार नसावा, असे तत्त्व आहे. ते कागदावरून गावात उतरवणे हे कार्यकर्त्यांचे काम. ग्रामसभेत घराचा नकाशा त्या घरातील स्त्रीपुढे उलगडला जावा, तालुक्यातील गवंड्यांना प्रशिक्षण मिळावे, ज्याच्या नावे जागाच नाही त्याला आधी जागा मिळावी, या मागण्या अनुदानवाढीच्या मागणीइतक्याच निकडीच्या आहेत. हप्त्यासाठी मोर्चा काढणे सोपे असते. पण ज्या घरासाठी तो मोर्चा निघाला, ते उन्हाळ्यात राहण्याजोगे आणि धरणी हलली तरी उभे राहणारे असेल, याची जबाबदारीही मोर्चा काढणाऱ्यांवर येते.