तराईतील पंजाबी मुलूख : भूमी, लोक आणि कारभार

(लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



ज्या गोमतीच्या काठी आपले हे लखनौ शहर वसले आहे, ती नदी हिमालयातून येत नाही. पीलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा या गावाजवळ एक लहानसे तळे आहे. त्यातून ती उगम पावते आणि शाहजहानपूर, खेरी, हरदोई व सीतापूर या जिल्ह्यांच्या बाजूने येथवर पोहोचते. तिच्या उगमाकडील प्रदेशात गेलेल्या प्रवाशाला एका गोष्टीचे नवल वाटते. बाजारात व कचेरीत हिंदी ऐकू येते; परंतु उसाच्या फडांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेने थोडे आत गेले, की घराघरांतून पंजाबी कानी पडू लागते. या मुलखाची ओळख करून देणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. पंजाबीभाषक म्हणता येईल असा एकही जिल्हा उत्तर प्रदेशाच्या नकाशावर नाही. आहे तो एक पट्टा. रामपूर जिल्ह्याची बिलासपूर तहसील, आजच्या उत्तराखंडातील उधमसिंह नगर जिल्हा, पीलीभीतमधील पूरनपूरचा परिसर आणि लखीमपूर खेरीतील पलिया, निघासन, गोला या तहसिली, असा तो पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरला आहे. एक भूमी, एक व्यवसाय, एक भाषा आणि एकच पूर्वेतिहास, म्हणजे जिल्ह्याला एकजीव करणारे सारे काही या पट्ट्यात आहे. नाही ती केवळ त्याची स्वतःची कचेरी. या उणिवेचा परिणाम तेथील माणसांच्या जमिनीवरील हक्कावर कसा झाला, हे मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्याला भाबर म्हणतात. डोंगरातून आलेल्या लहान प्रवाहांचे पाणी तेथे जमिनीत मुरून जाते आणि दक्षिणेला, उतार संपतो तेथे, पुन्हा वर येते. जेथे ते वर येते, ती तराई. त्यामुळे ही भूमी ओलसर, काळसर आणि सुपीक आहे. आणि त्यामुळेच ती शतकानुशतके दलदल, उंच गवत, सालवृक्षांचे अरण्य व हिवताप यांचे घर होती. शारदा आणि घाघरा या येथील मोठ्या नद्या. शारदा आपले पात्र सारखे बदलत असते. पावसाळ्यात ती एका काठाची शेते पोटात घेते आणि दुसऱ्या काठाला नवी गाळजमीन टाकून जाते. हा तिचा स्वभाव पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागेल.

या अरण्यात वस्ती मुळीच नव्हती, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. थारू आणि बुक्सा या जमाती येथे पिढ्यान् पिढ्या राहत आल्या. इतरांच्या मानाने थारूंना हिवताप कमी बाधतो, असा अनुभव होता. १९६७ मध्ये या दोन्ही जमातींचा समावेश अनुसूचित जमातींत करण्यात आला. तराई वसली ती रिकाम्या भूमीवर नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

आता लोकसंख्येकडे वळू. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासितांचे लोंढे आले. त्या वेळी गोविंदवल्लभ पंत हे संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री होते. नैनीताल जिल्ह्यातील तराईचे जंगल तोडून तेथे वसाहत करण्याची योजना त्यांच्या सरकारने हाती घेतली. ट्रॅक्टरांनी गवताळ रान मोडले, डीडीटीच्या फवाऱ्याने डास हटविले आणि निर्वासित कुटुंबांना जमिनीचे तुकडे देण्यात आले. पूर्व बंगालचे निर्वासित दिनेशपूर व शक्तिफार्मच्या बाजूस वसविण्यात आले. माजी सैनिकांनाही जमिनी मिळाल्या. पंजाबातून आलेल्यांपैकी कित्येकांनी लायलपूर, मॉन्टगोमेरी यांसारख्या कालव्यांच्या वसाहतींत माळराने लागवडीस आणण्याचे काम पाहिले होते. नवी भूमी मोडणे हा त्यांच्या घरातला धडा होता. याच तराईत पंतनगर येथे १९६० मध्ये देशातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि हरितक्रांतीच्या काळात तेथील बियाणे दूरवर गेले.

खेरी आणि पीलीभीतची वसाहत निराळ्या रीतीने झाली. तेथे सरकारी योजनेपेक्षा माणसांच्या स्वतःच्या हालचालीचा वाटा मोठा. १९५० व १९६० च्या दशकांत पंजाबातील अनेक शेतकऱ्यांनी आपली लहान शेते विकली आणि तेवढ्याच पैशांत येथे अधिक जमीन घेतली. रायशीख समाजाची कुटुंबेही मोठ्या संख्येने आली. कोणी जमीनदाराकडून जमीन विकत घेतली, कोणी पट्ट्याने घेतली, तर कोणी नदीकाठचे रान साफ करून तेथेच खोपट बांधले.

या वस्तीचे रूप पाहण्यासारखे आहे. आपण खेडे म्हणतो तशी घरांची दाटी येथे नसते. प्रत्येक कुटुंब आपल्या शेताच्या मध्यभागी राहते. अशा शेतघराला तेथे ‘झाला’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द क्रियापदासारखा भासेल; पण तेथे तो घराचा पत्ता असतो. एका झाल्यापासून दुसरा झाला दूर, आणि दोन्ही मूळ गावापासून दूर. साहजिकच शाळा, वीज व रस्ता या सोयी गावठाणाशी येऊन थांबल्या आणि झाल्यापर्यंत उशिरा पोहोचल्या.

संख्येने हे लोक किती? २०११ च्या जनगणनेनुसार लखीमपूर खेरीची लोकसंख्या ४०,२१,२४३ होती. सुमारे ७,६८० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा उत्तर प्रदेशात सर्वांत मोठा आहे. त्यात शिखांचे प्रमाण शेकडा अडीचहूनही कमी भरते. उधमसिंह नगरच्या १६,४८,९०२ लोकसंख्येत ते शेकडा दहाच्या जवळपास आहे. संपूर्ण उत्तर प्रदेशात शीख साडेसहा लाखांच्या आत, म्हणजे हजारी तीन-चार. शीख आणि पंजाबीभाषक हे शब्द समानार्थी नव्हेत, कारण पंजाबी हिंदू कुटुंबेही येथे आहेत. तरी अंदाज येण्यास हे आकडे पुरेसे आहेत. लखनौच्या कचेरीत बसून पाहिले तर हा समाज टक्केवारीत हरवून जातो. निघासनच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर तोच शेतीचा कणा वाटतो.

कारभाराची रचना अशी आहे. लखीमपूर खेरी लखनौ विभागात मोडतो, पीलीभीत बरेली विभागात, रामपूर मुरादाबाद विभागात. उधमसिंह नगर हा जिल्हा १९९५ मध्ये नैनीतालमधून वेगळा करण्यात आला आणि ९ नोव्हेंबर २००० रोजी नव्या राज्यात गेला. तो आता कुमाऊँ विभागात आहे. म्हणजे एका पट्ट्यावर चार आयुक्त आणि दोन सरकारे. २००० पूर्वी या सर्वांची अपिले निदान एकाच राज्याच्या दारी येत. आज तेही नाही.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने आयुक्त फार दूरचा. त्याचा खरा संबंध लेखपालाशी. पूर्वी हे काम पटवारी करीत. १९५३ मध्ये हजारो पटवाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले; तेव्हाचे महसूलमंत्री चरणसिंग यांनी ते स्वीकारले आणि लेखपाल हा नवा नोकरवर्ग उभा केला. लेखपालाच्या हाती खसरा आणि खतौनी. महाराष्ट्रात सातबाऱ्याला जे महत्त्व, ते येथे खतौनीला. जमीनदारी नष्ट करणारा कायदा १९५२ मध्ये अमलात आला. त्याने कसणाऱ्याला भूमिधर होण्याची वाट मोकळी केली. पण ती वाट कागदातून जात होती. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि १९७३ पासून पाच माणसांच्या कुटुंबास ओलिताची ७.३० हेक्टर ही मर्यादा ठरली.

प्रश्न निर्माण झाला तो येथे. ज्याने रान मोडले त्याचे नाव पुष्कळ ठिकाणी खतौनीत चढलेच नाही. कोठे ती जमीन वनखात्याची निघाली, कोठे ग्रामसमाजाची. कोठे पट्ट्याची मुदत संपली, तर कोठे शारदेने शेतच दुसऱ्या काठाला नेऊन ठेवले. दोन-तीन पिढ्या नांगर चालला आणि कागद मात्र जागचा हलला नाही. २०२० च्या जूनमध्ये तराईतील काही शीख शेतकऱ्यांना जमिनीवरून हटविण्याची कारवाई सुरू झाली, तेव्हा पंजाब सरकारनेही हा विषय उपस्थित केला. पुढल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी, निघासन तहसिलीतील तिकुनिया येथे शेतकरी आंदोलनाच्या वेळी चार शेतकरी व एक पत्रकार यांच्यासह आठ माणसे मृत्युमुखी पडली. देशातील पुष्कळांना नेपाळच्या सीमेलगत पंजाबी शेतकरी राहतात, हे त्या दिवशी प्रथम कळले. एखाद्या समाजाची ओळख इतरांना अशा प्रसंगाने व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

या वादाला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविणे न्यायाचे होणार नाही. शेतीचा पसारा वाढला तेव्हा थारू व बुक्सा कुटुंबांच्या जमिनीही कर्जापायी आणि फसव्या व्यवहारांपायी हातच्या गेल्या. त्यांच्यापाशी तर आरंभापासूनच कागद नव्हता. ‘आम्ही रान मोडले’ हे वसाहतकऱ्याचे म्हणणे खरे आहे. ‘ते रान आमचे होते’ हे थारूचे म्हणणेही खरे आहे. दोघांच्या दुःखाचे मूळ एकच : जमिनीशी असलेले नाते वेळेवर आणि प्रामाणिकपणे नोंदले गेले नाही.

तराईला वेगळा जिल्हा द्यावा, असे मी सुचवीत नाही. सीमा बदलल्याने नोंदी सुधारत नाहीत, हे १९९५ आणि २००० च्या अनुभवावरून दिसते. गरज आहे ती गावोगाव, शेताच्या बांधावर उभे राहून केलेल्या मोजणीची. तीत झाल्यातील कुटुंब, थारूंचे गाव, वनाची हद्द आणि नदीने खाल्लेली जमीन या चारही गोष्टी एकाच वेळी पाहिल्या गेल्या पाहिजेत, आणि निकाल लागेपर्यंत कोणालाही उठविले जाऊ नये. गोमतीचे पाणी तराईतून लखनौपर्यंत विनासायास येते. तेथील माणसाची तक्रारही तितक्याच सहजपणे येथवर यावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.