आईबापांनाही आधार हवा

वाळपईसारख्या गावात एखाद्या घरचे मूल वारंवार तापाने फणफणू लागते. अंगावर निळसर डाग उठतात, खेळता खेळता ते धापा टाकू लागते. प्रारंभी सर्वजण साधा ताप समजतात. पुढे गावच्या आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या रुग्णालयात, आणि तेथून कित्येकदा मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात, अशी वाट सुरू होते. या वाटेवर केव्हातरी ‘रक्ताचा कर्करोग’ हे शब्द कानी पडतात. त्या क्षणापासून रोगी एक असला तरी आजारी सारे घर असते. औषधोपचार मात्र एकट्या मुलाचा होतो. आईबापांच्या मनाचे काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न मुलाच्या प्राणाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील शेकडा ८० हून अधिक बरी होतात, गरीब देशांत शेकडा ३० देखील होत नाहीत. सर्वत्र निदान शेकडा ६० मुले वाचावीत, असे २०३० सालापर्यंतचे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. इतके अंतर पडण्याची कारणे अनेक आहेत. निदानास उशीर होतो, औषधे मिळत नाहीत, आणि हाती घेतलेला उपचार अर्ध्यावर सुटतो. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोनतीन वर्षे चालतो. पैशाबरोबर धीर संपला, म्हणजे आईबाप मुलास घेऊन घरी परततात. म्हणून त्यांचा धीर टिकविणे हा उपचाराचाच एक भाग होय.

या धीराला पहिली कीड लागते ती अपराधी भावनेची. ‘गरोदरपणी माझे काय चुकले?’ असे आई मनाशी घोकत राहते. आप्तेष्टांपैकी कोणी दृष्ट लागल्याचे सुचवितो, कोणी देवाचा कोप म्हणतो. देवळात गाऱ्हाणे घालावे, चर्चमध्ये मेणबत्ती लावावी; श्रद्धेने बळ येते. परंतु रोगाला शिक्षा समजू नये, आणि कौलाची वाट पाहत औषध थांबवू नये. बहुतेक बालकांच्या कर्करोगाचे निश्चित कारण शास्त्रालाही सापडलेले नाही. तो संसर्गाने पसरत नाही, आणि आईच्या दोषाने तर होतच नाही.

दुसरे दुःख ताटातुटीचे. आई मुलाजवळ मुंबईस, बाप काजूच्या हंगामात सत्तरीस अडकलेला, आणि धाकटे भावंड आजीपाशी. त्या निरोगी भावंडाकडे पाहण्यास कोणाला सवड नसते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा परगावच्या रुग्णांना आसरा देते. २००६ साली मुंबईत स्थापन झालेली सेंट ज्यूड ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह विनामूल्य राहावयास जागा देते. तेथे समाईक स्वयंपाकघरात परप्रांतीच्या दोन माता शेजारी शेजारी रांधतात. मुलाला तोंड आले असता काय भरवावे, हे जिने अनुभवले तीच दुसरीला सांगते. हा आधार पुस्तकातून मिळत नाही.

तिसरी गोष्ट मौनाची. मुलाला काही कळू नये म्हणून आईबाप त्याच्यासमोर हसतात आणि दाराआड रडतात. अमेरिकेतील मायरा ब्लूबाँड-लँगनर या विदुषीने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत राहून १९७८ साली जे लिहिले ते विचार करण्याजोगे आहे. कोणी न सांगताही त्या मुलांना सारे उमगले होते. आईबापांना दुःख होऊ नये म्हणून ती गप्प राहत होती. स्वीडनमध्ये मूल गमावलेल्या ४२९ आईबापांना विचारण्यात आले आणि २००४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ जणांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र ती खंत राहिली होती. तात्पर्य, मुलाच्या वयाला पेलेल अशा शब्दांत खरे सांगावे. त्याने दोघांचेही ओझे हलके होते.

शेजाऱ्यांनी काय करावे? ‘आता कसा आहे?’ असे रोज विचारून जखम उघडी करू नये. त्याऐवजी बागायतीतले काजू गोळा करून द्यावेत, धाकट्याला दोन घास भरवावेत, रक्तदान करावे. शिक्षकाने धडे आणि वर्गातील मुलांची पत्रे पाठवावीत. सर्दी असता भेटीस जाऊ नये, कारण उपचाराच्या काळात मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. बापाकडे विशेष लक्ष असावे. पुरुषाने रडू नये या समजुतीने तो आतल्या आत कुढतो, कधी मद्याकडे वळतो. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. बांबोळीसच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

रोग बरा करणे डॉक्टरांच्या हाती, आणि तेही सदैव नसते. पण उपचार चालू असेतो एका घराला एकटे पडू न देणे गावाच्या हाती आहे. आईबाप उभे राहिले तर मुलाच्या उशाशी कोणीतरी उभे राहील.