गतिरोधक मागा, पण मोजून मागा
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



मी इंजिनिअर नाही. कॉमर्सचा पदवीधर आहे, बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे आकडा दिसला की तो पडताळून पाहण्याची सवय लागली आहे. आजही थोडे आकडेच घेऊन उभा आहे.

आपली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. 1956 साली राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला, आपण आदिलाबादेत राहिलो. 2014 साली तेलंगणा झाले, 2016 साली एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. एवढे सगळे बदलले, पण आपल्या जुन्या गल्ल्या बैलगाडीच्या रुंदीच्याच राहिल्या. त्यांवर आता सिमेंटचा गुळगुळीत रस्ता आला. खड्डे होते तोवर गाडी आपोआप हळू चालायची, हे कबूल केले पाहिजे. ताशी 50 किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते आणि समोरचे पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. आपल्या घरांना ओट्यापुढे अंगण नाही. मूल उंबरा ओलांडते ते थेट रस्त्यावर. हाच वेग 25 वर आला तर अंतर 7 मीटर होते आणि धडकेचा जोर निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो.

म्हणून गतिरोधक हवा, यावर वाद नाही. वाद आहे तो आपण तो कसा करतो यावर. गल्लीत कुणाला धक्का लागला की त्याच रात्री वर्गणी निघते, मिस्त्री येतो आणि फूटभर रुंदीचा सिमेंटचा बांध आडवा पडतो. कुठे नळाचा पाइप टाकल्यावर बुजवलेल्या चरीचा उंचवटाच गतिरोधक म्हणून खपतो. त्यावर पांढरा पट्टा नाही, अलीकडे फलक नाही. रिम्सकडे निघालेल्या ऑटोतल्या गरोदर बाईला आणि कंबर धरलेल्या आजोबांना तो हिसका बसतो. ज्याच्यासाठी केला तो पोरगा मात्र नालीकडच्या फटीतून तसाच सुसाट निघून जातो.

इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 सालीच याचे माप ठरवून दिले, 2018 साली ते नियम सुधारले. 1988 चे माप असे: प्रवासाच्या दिशेने रुंदी 3.7 मीटर, मध्यभागी उंची फक्त 10 सेंटिमीटर, गोलाई 17 मीटर त्रिज्येची. मी गणित करून पाहिले, तिन्ही आकडे एकमेकांशी बरोबर जुळतात. म्हणजे बारा फुटांत चार इंचांचा चढउतार. ताशी 25 ने गेलात तर विशेष काही जाणवत नाही, वेग वाढवाल तसा त्रास वाढतो. अरुंद बांधाचे उलट असते, हळू जाणाऱ्यालाही तो हाणतोच. हे रुंद माप ब्रिटनच्या रस्ते प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात प्रयोग करून निघाले. त्याच्याही आधी, 1953 साली अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने आपल्या विद्यापीठातल्या रस्त्यासाठी उंचवटे आखले होते. एवढ्या मोठ्या माणसाला ज्यात डोके घालावे लागले, ते आपण मिस्त्रीच्या अंदाजावर सोडतो!

एकच गतिरोधक घालूनही भागत नाही. त्याच्यापुढे लोक पुन्हा वेग घेतात, म्हणून सरळ लांब रस्त्यावर 100 ते 120 मीटरवर दुसरा लागतो. काळे-पांढरे पट्टे आणि 40 मीटर अलीकडे फलक, हेही नियमातच आहे. राष्ट्रीय महामार्गावर मात्र मागू नये. तिथले काढून टाकण्याचे आदेश केंद्राने 2016 साली दिले आहेत.

आता राजकारणाचे बोलतो. निवडणूक जवळ आली की पुढारी आपल्या दारापुढे गतिरोधक घालून देतो आणि आपण त्याला हार घालतो. ज्याची ओळख त्याच्या दारात दोन, ज्याची नाही त्याच्या शाळेपुढेही नाही. रस्ता नगरपालिकेचा आहे, पुढाऱ्याचा नाही आणि आपलाही नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ कलम आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम अर्जात लिहा. तोंडी विनंतीची कुठे नोंद होत नाही.

अर्ज तेलुगूत लिहा, खाली मराठी प्रत जोडा. गल्लीतल्या तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या आधी घ्या, आपल्या नंतर. हा फक्त मराठी माणसांचा अर्ज आहे असे कुणाला म्हणता येऊ नये. रस्त्याची लांबी टेपने मोजा, शाळा, वळणे आणि नाली दाखवणारा साधा नकाशा काढा. जुना अरुंद बांध फोडण्याची मागणीही त्याच अर्जात करा, मग तो आपल्याच वर्गणीतून झालेला का असेना. एक प्रत नगरपालिकेत देऊन पोच घ्या, दुसरी सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात प्रजावाणीत द्या. नमुना अर्ज मी टाइप करून आणला आहे, तो चिटणीसांकडे मिळेल. टेप ज्यांच्याकडे नसेल त्यांनी माझा न्यावा, पण परत आणून द्यावा.